दाजींचा पितळी कीस

उन्हाळ्याशी जाहीर वैर धरलेला कर्जत तालुक्यात एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या वाट्याला आला. आमचे दाजी एका वर्कशॉपमध्ये लेथवर धातू कातायच्या कामाला होते. खिशात पेनाऐवजी थर्मामीटर. पाहुणे म्हणून आले तरी चहा बशीत ओतायच्या आधी त्याचं तापमान बघायचे. माझ्या लग्नात पंगत ताटकळलेली असताना, जिलबीच्या कढईतली उष्णता कुठं कुठं वाया जाते ते हे आचाऱ्याला समजावत होते. आचारी शहाणा. त्याने मान डोलावली आणि झारा चालू ठेवला.

नव्वदीतल्या त्या वर्षांत गावात वीज असली तर असायची. डेअरीची गाडी फक्त सकाळी येई, त्यामुळे अक्काच्या दोन म्हशींचं संध्याकाळचं दूध चैत्र लागला की सकाळपर्यंत नासायचं. डेअरीने परत पाठवलेलं दूध अक्का उकिरड्यावर ओतून यायची. दाजींना ते बघवत नसे. त्यांनी एका मोठ्या पिंपात दुधाची किटली उभी केली, भोवतीच्या मोकळ्या जागेत लेथवर पितळ कातताना निघालेला कीस भरला आणि त्यातून विहिरीवरच्या टाकीचं पाणी सोडलं. पुढे ते म्हशींच्या हौदात पडायचं.

"नुसतं पानी पळून जातंय, पाव्हणं," ते मला म्हणाले. "किसातनं वाट काढत गेलं, की दुधाची ऊब संगं घिऊन जातंय."

विचार बिनचूक होता, पण हात लोखंडाला सरावलेला. कीस जास्त तितका गारवा जास्त, असं धरून त्यांनी तो मुसळाने ठासला. पाणी थेंब थेंब आलं आणि दूध फाटलं. मग चिडून निम्मा कीस काढला, तर पाणी एका बाजूने सुसाट निघून गेलं आणि दूध पुन्हा फाटलं. तिसऱ्या दिवशी अक्का पिंपाशी येऊन बसली. गावातल्या निम्म्या गाद्या-उशा तिच्या हातच्या. कापूस पिंजावा तसा तिने कीस मोकळा केला आणि हलक्या हाताने भरला. बोटं कापली, पण दूध टिकलं. त्यानंतर तिचं दूध कधी परत आलं नाही.

दाजी मात्र गावभर स्वतःचंच गणित सांगत सुटले. त्यात अक्काचं नाव कधी आलं नाही, याचा मला फार राग यायचा.

दाजी गेल्यावर पहिल्याच चैत्रात पिंप भरायची वेळ आली, तेव्हा मी त्यांची नोंदींची वही उघडली. पाण्याचं तापमान, दुधाचं तापमान, हौद किती वेळात भरतो, सगळे आकडे होते. 'कीस किती घट्ट' यापुढे मात्र एकही आकडा नव्हता. दर उन्हाळ्याला तेच दोन शब्द होते: 'हिला विचारणे.'

मी ते अक्काला वाचून दाखवलं. इतकी वर्षं त्या माणसावर उगाच राग धरला, याची मला लाज वाटली.

"मला वाटायचं, बोलायला काय तरी पायजे म्हनून इचारत्यात," अक्का म्हणाली. मग ती कीस पुढ्यात ओढून बोटांनी सोडवू लागली.

"त्यांचं थर्मामीटर आन," ती म्हणाली. "औंदाचं बी लिहून ठिवू."