दोन छपरांमधली पन्हाळ

आमच्या शेंदूरजनाघाटच्या बागेत संत्री निवडायला एकच शेड होती, आणि बहर चांगला आला की ती पुरायची नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्यानं तिला लागूनच दुसरी बांधायला घेतली. नव्या छपराचं पाणी पलीकडे सोडावं तर ते शेजाऱ्याच्या वावरात पडणार, आणि शेजारी असे की आमच्या झाडाचं पान त्यांच्या बांधावर पडलं तरी आणून देतात. तेव्हा नवं छप्पर जुन्याकडे उतरतं ठेवलं. जुनं आधीपासून नव्याच्या बाजूलाच उतरतं होतं. म्हणजे दोन्ही छपरांचं पाणी बरोबर मधल्या फटीत येणार, आणि फटीखाली आमचे संत्र्यांचे क्रेट.

वरूडहून आलेल्या फॅब्रिकेटरनं टेप लावून मोजलं आणि सांगितलं, इथं बॉक्स गटर लागेल. सासूबाई पलीकडे खाटेवर बसून डागी फळं वेगळी काढत होत्या. त्यांनी त्यातलं 'गटर' तेवढं ऐकलं. देवापुढे ठेवायचं फळ आपण गटाराखाली ठेवणार, हे त्यांना काही केल्या पटेना. दोन दिवस त्या मुलाशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, बोलल्या नाहीत. शेवटी मी पुठ्ठ्याचा एक खोका उभा कापून त्यांना दाखवला. पत्र्याची अशी लांब, चौकोनी, वरून उघडी पन्हाळ, आणि तिच्यात फक्त पावसाचं पाणी.

"मंग पन्हाळ म्हना ना," त्या म्हणाल्या. "गटर काहून म्हनता?"

तेव्हापासून घरात पन्हाळ हा शब्द ठरला. नवरा मात्र बॉक्स गटरच म्हणत राहिला. पन्हाळ म्हटलं असतं तर तिच्यासाठी एवढा अभ्यास कशाला, असं कोणीतरी विचारलं असतं.

अभ्यास हा त्याचा स्वभावच आहे. साधी झारी घ्यायची तरी तो आधी आठ दिवस झाऱ्यांची माहिती गोळा करतो. इथं तर अख्खी इमारत होती. त्याच्या फोनवर परदेशातली माणसं पिवळ्या टोप्या घालून छपरांवर चढलेली दिसायची. त्यांची भाषा त्याला अर्धी कळायची आणि उरलेली अर्धी तो आम्हाला जेवताना समजावून सांगायचा. जस्त चढवलेला लोखंडी पत्रा, ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील आणि तांबं, असे चार उमेदवार होते. जीव जडला होता तांब्यावर. तांब्याची पन्हाळ माणसापेक्षा जास्त जगते म्हणे. आपल्या बागेत ती दिवाळीच्या आत भंगारवाल्याकडे पोचेल, एवढंच मी म्हटलं. तो बराच वेळ भात कालवत राहिला, आणि तांबं नाइलाजानं वगळलं गेलं.

उरलेल्या तिघांची त्यानं परीक्षा घेतली. छपरावर शेडशेजारच्या कडुनिंबाची पानं पडणार, फुलं पडणार, ती पन्हाळीत कुजणार, तर कोणता धातू टिकतो ते बघायचं. तीन बरण्यांत संत्र्याच्या साली, सडकी पानं आणि पाणी घालून त्यानं प्रत्येकीत एकेक पट्टी बुडवली आणि बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडल्या. अकराव्या दिवशी सासूबाईंनी ते लोणचं बिघडलं असं समजून उकिरड्यावर ओतलं. नवरा काठीनं उकिरडा उकरून पट्ट्या शोधत होता तेव्हा शेजारी बांधावर उभे राहून बघत होते. तिन्ही पट्ट्या सापडल्या. स्टील पहिलं आलं.

या सगळ्यात एक गोष्ट कोणीच काढत नव्हतं. माझे बाबा चाळीस वर्षं अकोल्यात पत्र्याचे कूलर बनवत आले आहेत. ते मूळचे बार्शीटाकळीकडच्या भाजीवाल्या घरातले. वांग्यांत मन रमलं नाही म्हणून शहरात येऊन पत्राकाम शिकले. पत्रा कुठे वाकतो, कुठे फाटतो आणि पाणी त्याला कुठून खातं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत असेल असं मला वाटत नाही. पण त्यांना विचारायचं कसं, हाच प्रश्न होता.

कारण असं. आमच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या हातानं केलेला कूलर दिला होता. वऱ्हाडात कूलरचा तळ गळणं काही नवलाचं नाही, दरवर्षी मार्चमध्ये घरोघरी गंज खरवडून डांबर फासणं चालूच असतं. आमचा चौथ्या उन्हाळ्यात गळला. नवऱ्यानं डांबर फासायच्या ऐवजी दुकानातून प्लॅस्टिकचा कूलर आणला आणि बाबांचा गोठ्याशी नेऊन ठेवला. सासूबाईंनी त्यात कांदे भरले. त्याच महिन्यात बाबा आले. त्यांनी कांदे पाहिले, चहा घेतला आणि दुपारच्या बसनं परत गेले. त्यानंतर सासरे-जावयांमध्ये भांडण असं कधी झालं नाही. फक्त तब्येत, हवापाणी आणि 'या कधी इकडे' एवढ्यावर बोलणं आलं.

शेडचं काम सुरू झाल्यापासून बाबांचा मला रोज फोन यायचा. आधी ऊन किती आहे ते विचारायचे. मग खांब उभे झाले का. मग थोडा वेळ गप्प बसायचे. त्या गप्प बसण्यात कोणता पत्रा, किती जाडीचा, उतार किती, हे सगळं असायचं. तुम्हीच विचारा ना त्यांना, असं मी म्हटलं की म्हणायचे, जवाईबापू शिकलेले आहेत, त्यांना ठाऊक असेल. इकडे नवऱ्याला म्हटलं की त्याला एकदम सासऱ्यांच्या गुडघ्यांची काळजी वाटायला लागायची. या वयात त्यांना कशाला त्रास द्यायचा. बाबा त्या वेळी अकोल्यात रोज दुकानाच्या माळ्यावर चढउतार करत होते.

मार्चच्या अखेरीस पन्हाळ बसली. स्टीलची, चकचकीत, आठ-आठ फुटांचे तुकडे जोडून केलेली. नवऱ्यानं पावसाची वाट बघायची नाही असं ठरवलं. विहिरीच्या मोटारीचा पाइप छपरावर नेला आणि स्वतः शेडमध्ये फोन घेऊन चित्रण करायला उभा राहिला. पहिली दोन मिनिटं चित्रण छान झालं. मग पहिल्या जोडातून थेंब आला, मग दुसऱ्यातून धार. पाणी टोकाला खाली उतरणाऱ्या पाइपाकडे जायच्या ऐवजी मध्येच साचत गेलं आणि आतल्या काठावरून एका दमात त्याच्या अंगावर आलं. फॅब्रिकेटर म्हणाला, हळूहळू बसेल जागेवर. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, आता खरी गटर वाटून राहिली.

नवऱ्यानं ओल्या शर्टानंच फोन पुसला. तो ओला शर्ट फोनला आणखी ओलं करत होता, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही.

"मामाजीले फोन लाव," तो मला म्हणाला. मग स्वतःच नंबर शोधायला लागला. "नको. मीच लावतो."

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी हजर झाले, अमरावतीला बस बदलून, खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन. आईनं नंतर फोनवर सांगितलं की ती पिशवी होळीपासून दाराशी भरून ठेवलेली होती, आणि तिनं केर काढताना ती हलवली तरी ते चिडत होते.

त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. सासूबाईंच्या टोपल्यातून शेवटच्या बहरातलं एक गोल संत्रं उचललं, शिडी लावून वर गेले आणि ते पन्हाळीच्या वरच्या टोकाला सोडलं. नवरा मागोमाग चढला. मी खालून त्या दोघांचे चेहरे बघत होते, पन्हाळीत काय झालं ते नंतर नवऱ्यानं सांगितलं. संत्रं थोडं घरंगळलं आणि मध्यावर थांबलं. बाबांनी त्याला बोटानं ढकललं. ते पुन्हा मागे आलं. नवऱ्याचा सगळा अभ्यास त्या संत्र्यापाशी थांबलेला होता आणि ते त्यालाही दिसत होतं.

मला वाटलं, आता बाबा स्टीलला नावं ठेवणार आणि आपल्या जस्ताच्या पत्र्याचं सांगणार. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही वाकवलंच नव्हतं. त्यांनी पत्र्याची कड दोन बोटांत धरून पाहिली, टिचकी मारली.

"धातू बराबर घेतला तुमी, जवाईबापू," ते म्हणाले. "अंग बारीक हाये त्याचं, आन जोड लय हायेत. धातूची चूक नाई."

नवऱ्यानंही कड चाचपून पाहिली. बाबा खाली बघत म्हणाले, "म्या जलमभर जस्ताचाच पत्रा वापरला. गिऱ्हाइकाले तोच पुरे. पन तळ गळते, ते मले काय माईत नाई? तुमच्या घरी कांद्याले कामी आला, ते बरंच झालं."

हे ते टोमणा म्हणून बोलले नाहीत. तेच नवऱ्याला जास्त लागलं असावं. त्याचे कान लाल झालेले मला खालून दिसले.

"तुमाले आधीच विचारायले पाह्यजे होतं, मामाजी," तो म्हणाला.

"आता विचारलं ना," बाबा म्हणाले, आणि संत्रं सोलून त्यातलं अर्धं त्याला दिलं.

पुढचे सहा दिवस मला घरात कोणी विचारलं नाही. दोघं अमरावतीला जाऊन जाड पत्रा घेऊन आले, लांबच्या लांब वाकवून, म्हणजे जोड फक्त दोन, आणि तेही नीट वेल्डिंग केलेले. पन्हाळ इतकी रुंद केली की तिच्यात पाय ठेवून उभं राहता यावं आणि हातानं पानं काढता यावीत. नवऱ्याच्या परदेशी माणसांनी हे सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे बहुधा कडुनिंब नसावा. पाणी उतरायला एकाच्या जागी दोन पाइप लावले. आणि रस्त्याकडच्या टोकाला, आतल्या काठापेक्षा चार बोटं खाली, एक खाच ठेवली. पाइप तुंबलेच तर पाणी क्रेटवर न येता त्या खाचेतून बाहेर पडेल. ही खाच कशाला, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, माणूस पानं काढायला विसरतो म्हणून. मी विसरणार नाही, असं नवरा म्हणाला. त्यांनी खाच तरीही ठेवली.

ऑगस्टमध्ये एकदा सलग दोन दिवस पाऊस लागला आणि नवरा पानं काढायला विसरला. रस्त्याकडच्या टोकातून पाण्याची जाड धार पडत होती, आणि आत क्रेटच्या खालची माती कोरडी होती. नवऱ्यानं त्या धारेचं चित्रण करून अकोल्याला पाठवलं. पानांचं त्यात काही लिहिलं नाही. बाबांनी ते तीन वेळा पाहिलं असं आई म्हणाली.

आता बाबा मला फोन करत नाहीत. करतात, पण दोन मिनिटं, आणि मग विचारतात, जवाईबापू हायेत का जवळ. ते दोघं तासभर बोलतात, आता गोठ्यावर नवं छप्पर घालायचं काढलंय. नवरा मध्येच उठून अंगणात जातो, जणू गोठ्याच्या छपराची गोष्ट माझ्या कानावर पडली तर बिघडेल. मागच्या आठवड्यात तो कामासाठी म्हणून अमरावतीला गेला आणि संध्याकाळी हातात पत्र्याच्या तुकड्यांची पुडी घेऊन आला. बाबाही अकोल्याहून तिथं आले होते, दोघांनी चार दुकानं पालथी घातली आणि उभ्या उभ्या दह्यातला गिला वडा खाल्ला, हे मला आईकडून कळलं. सासूबाईंना सकाळपासूनच ठाऊक होतं.