रविवारचा डेंटिस्ट

अर्जात मी लिहिलं की मला रुग्णांची सेवा करायची आहे. ते खोटं नाही. पण सेहेचाळिसाव्या वर्षी, बायोमेडिकलची पूर्णवेळ डिग्री करता करता मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं बळ नुसत्या सेवाभावातून येत नाही. ते मला माझ्या मोठ्या जाऊबाईंनी पुरवलं.

त्या भूलतज्ज्ञ, कन्सल्टंट, राहायला लंडनमधल्या स्टॅनमोरला. आम्ही बेसिंगस्टोकला. नवरा आयटीत, आणि मी पुण्याची बी.एस्सी. असूनही इथे वर्षानुवर्षं फार्मसीच्या काउंटरमागे लोकांची औषधं भरून देणारी. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार आहे ती एका दिवाळीची.

त्या दिवशी सगळे जाऊबाईंकडे जमले होते. सासऱ्यांनी डायबिटीसची गोळी वेळेवर घेतली आणि जेवण मात्र लांबलं. मी भजी तळत होते. पाहते तर सासरे घामाने डबडबलेले आणि माझ्या नवऱ्याला भलत्याच कुणाच्या नावाने हाका मारताहेत. मी गॅस बंद केला, ऑरेंज ज्यूसमध्ये साखर ढवळली आणि तो त्यांना घोट घोट पाजला. थोड्या वेळाने ते माणसात आले आणि भजी मागू लागले. तेवढ्यात जाऊबाई दुकानातून बर्फ घेऊन आल्या, त्यांनी सासऱ्यांची नाडी पाहिली आणि जेवताना सगळ्या पाहुण्यांना सांगितलं, "मी वेळेवर पोचले म्हणून बरं. साखर दिली नसती तर कोमात गेले असते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, चहा ठेव ना सगळ्यांना. स्ट्राँग."

मी चहा ठेवला. आधण उकळेपर्यंत माझं ठरलं होतं.

मुलगी युनिव्हर्सिटीत गेली त्याच सप्टेंबरात मीही गेले. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रवेशपरीक्षेला बसायचं, असं ठरवलं आणि स्वयंपाकघराच्या दारावर वेळापत्रक लावलं. निळा रंग लेक्चर्सचा, हिरवा लॅबचा, लाल परीक्षेच्या तयारीचा, पिवळा घराचा. ज्यांना हे करायचं असेल त्यांना माझा सल्ला असा: कॉलेजच्या परीक्षांच्या आठवड्यांत लाल रंग वापरूच नये. डिग्री घसरली तर प्रवेशपरीक्षेच्या गुणांना कुणी विचारत नाही. ट्रेनमध्ये फक्त वाचनाचे उतारे सोडवावेत, गणितं करू नयेत, कारण गणित रंगात आलं की आपलं स्टेशन निघून जातं. आणि पूर्ण सराव परीक्षा रविवारी सकाळी, खऱ्या परीक्षेच्या वेळेलाच द्यावी, म्हणजे मेंदूला त्या वेळेची सवय होते.

अडचण पिवळ्या रंगाची होती. आमच्या कुटुंबाचं फोनवर एक सामायिक कॅलेंडर आहे. ते जाऊबाईंनी सुरू केलं, आणि त्यात त्या सगळ्यांची कामं लिहितात. सगळ्यांची म्हणजे माझी. 'रविवार: पुरणपोळ्या (तू).' 'रविवार: बाबांना टाचेच्या डॉक्टरकडे (तू).' नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि खरं कारण मला हातात गुण येईपर्यंत सांगायचं नव्हतं. म्हणून मी रविवार सकाळवर लिहून टाकलं, 'डेंटिस्ट'. पुढच्या रविवारी पुन्हा 'डेंटिस्ट'. असं करत वसंत संपला.

एके दिवशी सासऱ्यांचा फोन आला. आवाज अगदी हळवा.

"सूनबाई, किती राहिलेत?"

"काय बाबा?"

"दात गं. लपवू नकोस. माझी कवळी बसवली तेव्हा मलाही रडू आलं होतं."

मी हसू दाबत काहीतरी उत्तर दिलं. पण जाऊबाई दातांनी फसणाऱ्यातल्या नव्हत्या. जूनमध्ये आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा भात वाढता वाढता त्यांनी विचारलं, "या देशात दात उपटायलाही महिनोन्‌महिने नंबर लागत नाही, आणि तुझा डेंटिस्ट दर आठवड्याला? तोही रविवारी? आम्हालाही दे की त्याचा पत्ता."

नवरा ताटात बघू लागला. मी मग सांगूनच टाकलं. मेडिकलची प्रवेशपरीक्षा, ऑगस्टमधला शनिवार, रेडिंगचं केंद्र.

जाऊबाईंनी चमचा खाली ठेवला. "मेडिकल? तू? अगं, पास होऊन बाहेर पडशील तेव्हा पेशंट तुला खुर्ची देतील!" आणि सगळं टेबल हसलं. नवराही हसला, त्याचा हिशोब मी घरी जाऊन वेगळा केला. सासरे तेवढे हसले नाहीत. "म्हणजे दात शाबूत आहेत ना?" इतकंच त्यांनी विचारलं.

दोन आठवड्यांनी फोन टिंग वाजला. कॅलेंडरवर नवी नोंद: बाबांचं सहस्रचंद्रदर्शन, हॅरोचा हॉल, सकाळी नऊपासून. वार शनिवार. माझाच शनिवार. खाली लिहिलं होतं, 'स्वयंपाक, आमंत्रणं, औक्षणाचे दिवे, गुरुजी (तू)'.

परीक्षेची तारीख बदलता येते का ते मी लगेच पाहिलं. पुढच्या तारखांना जवळपासची सगळी केंद्रं भरलेली होती, आणि ही परीक्षा वर्षातून एकदाच देता येते. म्हणजे हा शनिवार गेला की वर्ष गेलं. सहस्रचंद्रदर्शनाला मात्र अमुकच शनिवार लागतो असं कुठल्याही शास्त्रात नाही. आदल्या किंवा पुढच्या आठवड्यातही बाबा तेवढेच म्हातारे राहिले असते.

इथे परीक्षेतल्या एका विभागाबद्दल सांगायला हवं. त्यात कामावरचे प्रसंग देतात आणि तुम्ही कसं वागाल ते विचारतात. अगदी योग्य, चालेल, बरोबर नाही, अगदीच अयोग्य, यातलं एक निवडायचं. बाकीच्या विभागांत माझं बरं चाललं होतं, या एकात मी आपटत होते. 'वरिष्ठ सहकारी तुमच्या कामाचं श्रेय सर्वांसमोर स्वतः घेतो. तुम्ही गप्प बसता.' मी लिहिलं, अगदी योग्य. धाकट्या सुनेने दुसरं काय लिहावं? उत्तर चुकलं. मग संतापून मी दुसरं टोक गाठलं: 'सर्वांसमोर तिथल्या तिथे सुनावता', अगदी योग्य. तेही चूक. बरोबर उत्तर असं, की त्या माणसाला बाजूला घ्यावं आणि शांतपणे, स्पष्ट बोलावं.

ठीक आहे, म्हटलं. करून पाहू.

पुढच्या रविवारची सराव परीक्षा मी दुपारवर ढकलली आणि स्टॅनमोर गाठलं. जाऊबाई वॉशिंग मशीनमधून कपडे काढत होत्या. मी मागचं दार लावून घेतलं.

"ताई, त्या शनिवारी माझी परीक्षा आहे, आणि हे तुम्हाला माहीत होतं. तारीख बदला."

"हॉल त्याच दिवशी मिळाला गं. मी काय करू?"

"मी हॉलवाल्यांना फोन केला होता. आदला शनिवारही मोकळा आहे."

त्यांनी एक उशीचा अभ्रा दोनदा झटकला. "त्या शनिवारी मी ऑन-कॉल आहे."

"मग त्याच्या आदला?"

"हे बघ, बाबांच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि तुला तुझ्या हौसेचं पडलंय?"

"हौस नाही ताई. आणि आणखी एक. दिवाळीत बाबांना साखर मी दिली होती. तुम्ही नव्हतात तेव्हा."

त्या हसल्या. "अजून तेच धरून बसलीयेस? किती लहान मन गं तुझं."

बरोबर उत्तर देऊन झालं होतं. त्याचे गुण स्टॅनमोरला मिळत नाहीत, एवढं कळलं.

घरी येऊन मी यादी करायला बसले. या कुटुंबातलं एकही कार्य माझ्या यादीशिवाय झालेलं नाही, आणि ही यादी आजवरची सर्वांत सुंदर झाली. गुरुजींना कुठून आणायचं, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, औक्षणाला तुपाच्या किती वाती, कुठल्या मावशींना कुठल्या मावशींशेजारी बसवायचं नाही. एकही गोष्ट सुटली नव्हती. फक्त प्रत्येक कामापुढच्या कंसात 'तू' नव्हतं. जाऊबाईंचं नाव होतं. ती मी कॅलेंडरमध्ये टाकली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि शनिवारवरचं 'तू' खोडून तिथे लिहिलं, 'परीक्षा'. मग सासऱ्यांना फोन केला.

"बाबा, मी दुपारी येईन. राग नाही ना?"

"मला ओवाळायला पन्नास बायका आहेत," ते म्हणाले. "तू पेपर नीट लिही."

रेडिंगच्या त्या केंद्रात ड्रायव्हिंगची थिअरी टेस्टही होते. काउंटरवरची मुलगी मला म्हणाली, थिअरीवाले त्या बाजूला. मी म्हटलं, मला गाडी येते. शेजारी माझ्या मुलीपेक्षाही लहान मुलं नखं खात बसली होती. मी पाणी प्यायले, खिसे उलटे करून दाखवले, आत गेले. शेवटच्या विभागात तो प्रश्न आला, जवळजवळ शब्दशः. वरिष्ठ, श्रेय, सर्वांसमोर. मी मनातल्या मनात दात विचकले आणि बरोबर उत्तरावर टिचकी मारली.

परीक्षा कॉम्प्युटरवरची, त्यामुळे गुण त्याच दुपारी ईमेलवर आले, तेव्हा मी लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर उतरत होते. दोनदा वाचले. मला अर्ज करायचा होता त्या कोर्सला लागत होते त्याहून बरेच जास्त होते. मी नवऱ्याला मेसेज केला आणि हॅरोची गाडी पकडली.

हॉलमध्ये शिरले तर जेवणं उरकली होती. गुरुजी उशिरा पोचले होते, वाती कमी पडल्या होत्या आणि त्या दोन मावशी शेजारी शेजारी बसून भिंतींकडे बघत होत्या. जाऊबाईंच्या पैठणीवर तुपाचा डाग होता. मला अतिशय बरं वाटलं. मी जाऊन बाबांच्या पाया पडले. नवऱ्याने बातमी आधीच फोडली होती. जाऊबाईंनी माईक हातात घेतला.

"आमच्या घरात आता दुसरी डॉक्टर होणार बरं का! मीच तिच्या मागे लागले होते. म्हटलं, बाबांची शुगर पडली तेव्हा मी होते, उद्या मी नसेन तर?"

टाळ्या पडल्या. मी उभी होते तिथून माईकपर्यंत चार पावलं होती. योग्य उत्तर मला पाठ होतं: बाजूला घ्या, शांतपणे बोला. ते देऊन झालं होतं. मी चार पावलं चालले आणि त्यांच्या हातातून माईक घेतला.

"ताई, त्या दिवशी तुम्ही बर्फ आणायला गेला होतात. साखर मी दिली. आणि माझ्या मागे तुम्ही लागला नव्हतात, ही तारीख लावली होतीत."

 मग बाबा त्यांच्या हार घातलेल्या खुर्चीतून खणखणीत म्हणाले, "ज्यूस होता. संत्र्याचा. मला आठवतंय."

जाऊबाईंचा चेहरा मी सावकाश पाहून घेतला. मी फार वाट पाहिली होती त्याची. मग माईक खाली ठेवला आणि म्हटलं, "मी सकाळपासून उपाशी आहे. चहा ठेवता का, ताई? स्ट्राँग."

अगदीच अयोग्य. त्या प्रश्नाला मला शून्य मिळालं असतं. त्या वळल्या आणि चहा ठेवायला गेल्या. चहा पातळ झाला होता, साखर जास्त. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.