मी धरलंय ना

"तुम्ही सोडा. मी धरलंय ना."

मोडलेलं हाड जागेवर बसवायच्या आधी माणूस हाताला लागेल ते घट्ट पकडतो. टेबलाची कड, बायकोचा पदर, डॉक्टरांचा कोट. आमच्या प्लास्टरमामांचं मनगट तर कित्येकांनी नखं रुतेपर्यंत पकडलं असेल. मामा ओरडायचे नाहीत. त्या माणसाची बोटं एकेक करून सोडवायचे आणि मग स्वतः त्याचं मनगट धरायचे. "तुमच्या धरण्याला काय अर्थ हाय?" म्हणायचे. "दुखलं की सुटणारच. तुम्ही सोडा. मी धरलंय ना." आणि मघापासून आकांत करणारा गडी खरोखर सैल पडायचा. सैल पडला की हाड बसायचं.

गंगापूर रोडवरच्या एका हाडांच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढते. शेजारच्या खोलीत मामा प्लास्टर घालायचे. सतरा वर्षं आमच्यामध्ये एकच भिंत होती. मी मखमलाबादकडची, माळ्याच्या घरातली, म्हणजे कोथिंबीर आणि गुलाब यांच्यात वाढलेली. मामा सिन्नरजवळच्या एका खेड्यातले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "सलाम, ताई." मला वाटलं, हा म्हातारा माझी टिंगल करतोय. मी पण ठसक्यात कपाळाला हात लावून सलाम ठोकला. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, सगळे एकमेकांना सलामच म्हणतात, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. तोवर मी रोज पोलिसासारखी ठोकत होते आणि ते एका शब्दाने बोलले नव्हते.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, बोलण्यात लोण्यासारखी आणि नियमाला दगडासारखी. प्लास्टर घालून झालं की मामा खिशातलं निळं पेन काढून त्यावरच काढायची तारीख लिहायचे. ती तारीख म्हणजे त्यांच्या दृष्टीने ब्रह्मवाक्य. एकदा मनमाडचा एक नवरदेव आला. हात प्लास्टरमध्ये आणि दोन दिवसांनी हळद. सोबत आई, मावशी, करवली, सगळं वऱ्हाडच. "मामा, कापा ना. फोटोत कसं दिसंल?"

मामांनी तारीख वाचली. "चार दिवस कमी हायेत."

"चार दिवसांनी काय होतंय?"

"काय होतंय ते हाडाला विचारा. हळद प्लास्टरला लावा, मी कापायचा नाय."

मावशीने मला मध्ये घातलं. मी रदबदली केली, तर मामा माझ्यावरच उखडले. शेवटी नवरदेव पिवळ्या प्लास्टरनिशी बोहल्यावर चढला. नंतर तो पेढे घेऊन आला तेव्हा मामांनी दोन खाल्ले आणि हात तपासून म्हणाले, "बघा, टिकलं का नाय?"

टिकणं हा त्यांचा आवडता शब्द होता.

दुपारी डबा खाताना मी एकदा विचारलं, की ते मनगट धरायचं कुठून शिकलात. म्हणाले, "आजीकडनं. ती म्हणायची, आपण देवाला धरलं असतं तर कधीच हातातनं सुटलं असतं. त्यानं आपल्याला धरलेलं असतं. म्हणून तारणाची खात्री, म्हणजे मेल्यावर तो आपल्याला वाचवणारच."

"तुमचं बरंय," मी म्हटलं. "आमच्याकडे जसं करावं तसं भरावं. तुमचं आधीच कन्फर्म."

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "कन्फर्म! बरोबर. वेटिंगची भानगडच नाय."

पुढे कित्येक दिवस मी त्यांना "कन्फर्मवाले" म्हणून चिडवायचे. आज त्या चिडवण्याची मला लाज वाटते.

मामांना एकच मुलगा. बायको तो कॉलेजात असतानाच गेली. मुलगा सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला लागला. पंधराव्या वर्षी त्याने चर्चमध्ये भर उपासनेत उभं राहून साक्ष दिली होती, म्हणजे आपण प्रभूचे झालो असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सांगताना रडला होता. मामा ते सांगताना नेहमी म्हणायचे, "ढसाढसा रडला हो, ताई. नाटक नव्हतं ते." आणि पंचविसाव्या वर्षी त्याच मुलाने मंडळीला पत्र लिहिलं, की माझं नाव तुमच्या रजिस्टरमधून काढा, मला तुमचा देव नको. का, ते कुणाला सांगितलं नाही. दारू होती, पण दारू हे कारण की परिणाम, मला ठाऊक नाही. मामांनी त्याला घराबाहेर काढलं नाही. रविवारी सकाळी त्याचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवायचे आणि एकटेच उपासनेला जायचे. परत आले की शर्ट तिथेच असायचा. ते तो घडी करून कपाटात ठेवायचे, पुढच्या रविवारी पुन्हा काढायचे.

दोन वर्षं हे चाललं. मग सिन्नरहून येताना मुलाच्या मोटारसायकलला टँकरने उडवलं. जागच्या जागी गेला.

दफनाला मी गेले होते. कबरस्तानाच्या अगदी मागे, भिंतीला लागून जागा दिली होती. मंडळीच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, माती टाकली, गाणं झालं. मला सगळं व्यवस्थित झाल्यासारखं वाटलं. आठ दिवसांनी मामा कामावर आले. कापूस गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, त्यांनी एक वाक्य खाल्लं."

"कुणी?"

"पाळकसाहेबांनी. माती टाकताना म्हणायचं असतं, की हा पुन्हा उठेल अशा खात्रीच्या आशेनं आम्ही याला मातीत ठेवतो. प्रत्येकाला म्हणतात. ह्याला म्हटलं नाय. नुसती माती टाकली."

मी काहीतरी बोलले, की घाईत राहिलं असेल. त्यांनी मान हलवली. "घाई नव्हती. तिथं आले, थांबले, माझ्याकडं बघितलं, आन् पुढं गेले."

बाकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ते वाक्य मामांच्या मागे लागलं. मंडळीत कुणीही वारलं, ओळखीचं असो नसो, मामा अर्धी रजा टाकून दफनाला जायचे. परत आले की मी विचारायचे नाही, तेच सांगायचे. "ह्याला म्हटलं." एकदा एका नामचीन भांडखोर म्हाताऱ्याच्या दफनावरून आले आणि स्टुलावर मटकन बसले. "त्याला पण म्हटलं, ताई. भावाच्या डोक्यात फावडं घातलं होतं त्यानं. पण दर रविवारी यायचा ना." मग म्हणाले, "माझं पोरगं वेटिंगवर हाय का काय, कळत नाय."

मला तेव्हा जे वाटलं ते सांगते. मला वाटलं, जाऊन त्या पाळकाची कॉलर धरावी.

आणि दोन वर्षांनी पाळकसाहेबच आमच्याकडे आले. बाथरूममध्ये पाय घसरून उजवं मनगट मोडलं होतं. एक्स-रे मीच काढला. फिल्म घेऊन प्लास्टर रूमच्या दारात गेले आणि तिथेच थबकले. पाळकसाहेब टेबलावर आडवे होते, चेहरा पांढराफटक, डाव्या हाताने त्यांनी मामांचं मनगट पकडलं होतं. मामांनी त्यांची बोटं सोडवली. एकेक करून, नेहमीसारखी.

"तुम्ही सोडा. मी धरलंय ना."

डॉक्टरांनी हाड ओढून बसवलं आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले. मामा प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळू लागले. तेव्हा पाळकसाहेब बोलले, "त्या दिवशी मला खोटं बोलवेना. त्यानं लिहून दिलं होतं हो. तो टिकला नाही. मला खात्री नव्हती."

"हलू नका," मामा म्हणाले. आणखी दोन वेढे घातले. "तुम्हाला खात्री नव्हती, ते ठीक. मला तरी कुठं हाय? पण ते वाक्य तुमच्या खात्रीचं थोडंच हाय, साहेब? ते देवाच्या खात्रीचं हाय. तुम्ही नुसतं म्हणायचं होतं."

पाळकसाहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मामांनी प्लास्टर तळहाताने गुळगुळीत केलं, इतकं सुबक प्लास्टर त्यांनी घातलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पेन काढून तारीख लिहिली. पुढे पाळकसाहेबांची बदली झाली. ते वाक्य त्यांनी नंतर कबरेवर जाऊन म्हटलं का, हे मी मामांना एकदा विचारलं. "आता काय म्हणणार? बुजवलेल्या खड्ड्यावर म्हणत नसतात."

यावर तोड त्यांनीच शोधली. कबरस्तानात जागा कमी, म्हणून तिथे घरातल्या माणसाची जुनी कबर उघडून त्यातच दुसऱ्याला ठेवायची पद्धत आहे. मामांची जागा चिंचेखाली बायकोच्या शेजारी आधीच राखलेली होती. ती नको म्हणाले. "मला पोराच्या कबरेत ठेवा. माझ्यावर तर वाक्य म्हणतीलच ना? म्हणजे एकाच खड्ड्यावर म्हणतील. त्याच्या पण कानावर जाईल." मग लबाड हसून म्हणाले, "मनगट धरून नेतो त्याला. बघू कोण अडवतंय."

फक्त एक अडचण होती. एकदा पुरलेली जागा दहा वर्षं उघडायची नाही, असा कबरस्तान सांभाळणाऱ्या पंचांचा नियम. मामा निवृत्त झाले तेव्हा मुलाला पुरून सात वर्षं झाली होती. आठवं वर्ष संपलं आणि त्यांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर. मामांना दोन वर्षं हवी होती.

त्यानंतर त्या माणसाने जे केलं त्याला मी काय म्हणू? आयुष्यभर मरणाला न भिणारा माणूस एकाएकी जगण्याला चिकटला. औषधं घड्याळ लावून घ्यायचा. उलटी झाली की तोंड पुसून पुन्हा पेज प्यायचा. सांभाळायला भाची होती. तिने भिंतीवर कॅलेंडर लावलं होतं, त्यावर मामांनी निळ्या पेनाने एका तारखेला गोल केला होता. मी भेटायला गेले की आधी तो गोल दाखवायचे. "अजून अकरा महिने, ताई. टिकायचंय." मग "अजून आठ." पाय सुजले, डोळे पिवळे झाले. "अजून सहा." एकदा मी न राहवून म्हटलं, "मामा, किती त्रास करून घेता? देव काय तारखा बघतो का?"

"देव नाय बघत," म्हणाले. "पंच बघतात."

शेवटच्या आठवड्यात ते भ्रमात होते. चादरीची कड घट्ट पकडायचे, सोडायचे, पुन्हा पकडायचे. मी त्यांची बोटं सोडवली आणि मनगट धरलं. हाड आणि कातडी, बाकी काही नव्हतं. "मामा, तुम्ही सोडा," मी म्हटलं. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "चार महिने कमी हायेत." दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. डॉक्टरांच्या वर्षापेक्षा आठ महिने जास्त टिकले होते.

मी भाचीला घेऊन पंचांकडे गेले. पंच भला गृहस्थ होता, त्याने आधी आम्हाला पाणी दिलं. मग रजिस्टर उघडून तारीख वाचली. "ताई, चार महिने कमी आहेत."

"चार महिन्यांनी काय होतंय?" मी म्हटलं, आणि माझंच बोलणं मला ओळखीचं वाटलं. प्लास्टर रूमच्या दारात मनमाडचा तो नवरदेव हेच म्हणाला होता, आणि मामांनी त्याला काय ऐकवलं तेही मला पाठ होतं. तरी मी भांडले, रडलेसुद्धा. पंचाने रजिस्टर मिटलं. "आज यांना उघडून दिली तर उद्या दुसऱ्याला नाही कसं म्हणू?" मामा त्याच्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

चिंचेखाली, बायकोच्या शेजारी त्यांना ठेवलं. नवे पाळकसाहेब तरुण होते. त्यांनी माती उचलली आणि ते वाक्य म्हटलं, मोठ्याने, एकही शब्द न गाळता. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. मला हुंदका आवरेना. वाक्य किती लहान होतं.

मग एकेक जण पुढे होऊन माती टाकू लागला. मीही ढिगातली मूठभर घेतली, पण टाकली नाही. मूठ तशीच मिटून मी गर्दीतून बाहेर पडले आणि मागच्या भिंतीकडे चालत गेले. कुणी विचारलं नाही. मुलाच्या कबरेवर गवत माजलं होतं, सिमेंटच्या पाटीवरचं नाव अर्धं पुसलं होतं.

मला त्यांचं शास्त्र कळत नाही. एका खड्ड्यावर म्हटलेलं दुसऱ्यापर्यंत पोचतं का, आणि ते माझ्यासारखीने नेलेलं चालतं का, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना विचारलं असतं ते चिंचेखाली होते. मी आठवेल तसं ते वाक्य म्हटलं. मध्ये एक शब्द चुकला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

"तू सोडलं होतंस," मी त्या पोराला म्हटलं. "तुझ्या बापानं नाही सोडलं."

आणि मूठ उघडली. बरीचशी माती खाली पडली. थोडी घामाने तळहाताला चिकटून राहिली, ती मी झटकली नाही.