शाळेच्या फुटिंगमधलं मीठ

काँक्रीटमधून वीज जाते, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. अमळनेरजवळच्या आमच्या गावात सिमेंट म्हणजे दगड, असाच सगळ्यांचा समज. आता धुळ्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तेच मोजतो. काँक्रीटच्या ठोकळ्याला दोन्ही बाजूंनी तांब्याच्या पट्ट्या लावायच्या आणि विजेला किती अडथळा होतो ते पाहायचं. औष्णिक केंद्राची राख मिसळली की हा अडथळा हळूहळू वाढतो आणि आतली सळई टिकते. मीठ मिसळलं की तो कोसळतो. वीज सुरळीत वाहते आणि सळईला गंजही तितक्याच सुरळीत चढतो.

एवढं सांगायचं कारण आमच्या गावच्या शाळेची नवी खोली.

नाना माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ, शाळा समितीचे अध्यक्ष. आमच्या घरात कॉलेज आतून कुणी पाहिलेलं नव्हतं. प्रवेशाच्या दिवशी नानांनीच मला मोटरसायकलवर धुळ्याला नेलं आणि दिवसभर फाटकाबाहेर बसून राहिले. त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवलेला नाही.

त्या रविवारी ते मला हौसेनं बांधकामावर घेऊन गेले. फुटिंग, म्हणजे खांबांखालचा काँक्रीटचा पाया, भरून झाली होती, वर खांबांच्या सळया उभ्या होत्या. नानांनी कोपऱ्यातली फुटिंग दाखवली.

“आठे बठ्ठा मुरूम शे. अर्थिंग लागेना. मंग आमीन मीठ-कोळसा सरळ काँक्रीटमाच टाका. मीठ मन्हा घरनं शे, भो! साहेबनी मीटर लावं, एक नंबर रीडिंग!”

अर्थिंगची तार त्याच खांबाच्या सळईला बांधलेली होती. वर व्हरांडा येणार होता, पोरं जिथं खिचडी खायला बसतात तो.

“नाना, हाई फोडनं पडी.”

“काय? शाळा शिकीसन शाळाच फोडाले उना का तू?”

मिस्त्री हसला. “भाऊले धुळानं पानी लागनं, नाना.”

माझं डोकं तापलं ते मात्र त्या दोघांवर नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकतात हे गावात पोरालाही ठाऊक असतं. मुरमात वेगळा खड्डा खणणं वाचवावं असं त्यांना वाटलं. पण मीटर लावला होता तो साहेबानं, बांधकामावर देखरेख करणाऱ्या सरकारी अभियंत्यानं. मी शिकलो तीच पुस्तकं वाचून त्यानं पदवी घेतली होती. मी तिथूनच त्याला फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर चालू केला.

“मीठ आहे, माहीत आहे मला,” तो म्हणाला. “रीडिंग चांगलं आलं ना?”

“मीठ आहे म्हणूनच चांगलं आलं, सर. अर्थिंगचा खड्डा वेगळा असतो. त्यात इमारतीची सळई नसते.”

“अहो, गंजायला वर्षं लागतात. तोवर मी इथं असेन का? तुम्ही तरी असाल का?”

नाना पुढे झाले. माझ्या हातातल्या फोनकडे पाहत म्हणाले, “पोरं ऱ्हातीन ना आठे, साहेब?”

पलीकडून फोन बंद झाला.

नानांनी मिस्त्रीला नुसती हातानं खूण केली. मिस्त्री आता हसत नव्हता. घण पडू लागले. काळपट काँक्रीटचे तुकडे उडाले, त्यांत कोळशाचे खडे स्पष्ट दिसत होते. सगळं निघेपर्यंत नाना उन्हात उभे राहिले. मी छत्री आणली, ती त्यांनी घेतली नाही. मग ते घरी गेले, तेही पायी. मोटरसायकल तिथंच राहिली.

शाळेसाठी हौसेनं दिलेलं मीठ चारचौघांत फोडून काढायची पाळी त्या माणसावर आली. पहिल्या दिवशी साहेबाचं एक वाक्य पुरलं असतं. त्यानं ते म्हटलं नाही, कारण मीटरचा काटा त्याला हवा तिथं थांबला होता. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.