लाल फितीचा ब्रश

ॲल्युमिनियम तापल्यावर लाल होत नाही. लोखंड आधी लालबुंद होतं, मग वितळतं. आपण सावध होतो. हे शेवटपर्यंत पांढरंच राहतं आणि एकदम ओघळतं. फरिदाबादच्या वर्कशॉपमध्ये इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी उस्तादांनी मला हे दाखवलं होतं.

तिथे सूतगिरण्यांसाठी चाकं लावलेल्या ॲल्युमिनियमच्या शिड्या बनत. वेल्डिंगआधी जोड घासायचा ब्रश वेगळा ठेवलेला असे, लाल फीत बांधून. लोखंडाच्या कामाचा ब्रश चुकूनही वापरायचा नाही. त्याचं तेल, गंज जोडात गेला की आत बारीक भोकं पडतात, आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. जोड झाला की पायरीखाली वेल्डर आपला नंबर ठोकतो. उस्तादांचा चौदा. मला नंबर नव्हता, मी विद्यार्थी.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी एक पायरी मला जोडायला दिली. "चलो इंजिनियर साहब, हाथ मत कँपाना. दुल्हन नहीं है, सीढ़ी है."

जोड छान आला. निदान दिसायला. उस्तादांनी पाठ थोपटली आणि खाली आपला चौदा ठोकला. शिडी टेम्पोतून गेल्यावर मी ब्रश जागेवर ठेवायला गेलो. हातातल्या ब्रशला फीत नव्हती.

मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट मिळणार होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आईने भिंतीवर खिळासुद्धा मारून ठेवला होता.

ते सर्टिफिकेट मी घरी पाठवलं नाही. दिल्लीत मुनिरकातल्या खोलीत ते महिनाभर बॅगेत राहिलं. मेट्रो स्टेशनवर कुणी शिडीवर चढून दिवा बदलत असला, की मी वाकून पायरीखाली चौदा शोधायचो. लोक बघायचे. ठोकण्याचा तो आवाज वर्गातही कानात यायचा.

शेवटी उस्तादांना फोन केला. सगळं सांगितलं.

"कौन सी पायरी?" त्यांनी माझाच शब्द उचलून विचारलं.

"ऊपर से तीसरी."

"पानिपत गई है वो. इतवार को चल मेरे साथ."

गिरणी रविवारीही चालू होती. एक बाई नेमक्या त्या पायरीवर उभ्या राहून मांडणीवरून सूत गुंडाळलेले कोन उतरवत होत्या.

"बहनजी, ज़रा नीचे आ जाइए."

"क्यों भैया, मोटी हो गई हूँ क्या?"

उस्ताद हसले नाहीत. त्या उतरल्यावर त्यांनी करवतीने जोड कापला. आत घावनासारखी जाळी पडली होती. शिडी परत न्यायची म्हणून त्यांनी ती आडवी करून ठेवली आणि तुकडा माझ्या हातात दिला.

"एक ही थी ना?"

"जी. एक ही."

परतीच्या बसमध्ये उस्ताद खिडकीला डोकं टेकून झोपले. मी तुकडा चाचपत होतो. तो ब्रश मी नक्की कधी उचलला होता? माझ्या पायरीच्या वेळी, की त्या दिवशी सकाळीच? सकाळी तर उस्तादांच्या दोन शिड्यांचे जोड मीच घासून दिले होते. खूप आठवून पाहिलं. आठवेना.

सोनिपत मागे पडलं तेव्हा मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"उस्ताद, उठिए. शायद एक नहीं थी."