जाऊबाई गप्प बसल्या तेव्हा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना वेड लागलंय, असा शोध आमच्या कारखान्याच्या मालकांनी लावला. शिलाईच्या या कारखान्यात मी काजं-बटणं करते, जाऊबाई कापड बेततात. आधी थोरले भावोजी टेबलाच्या पलीकडे कापड ताणून धरायचे. जाऊबाई मोठ्याने माप सांगायच्या, ते “हं” म्हणायचे, मगच कात्री चालायची. भावोजी गेले, पण जाऊबाईंची रीत तीच. माप सांगायचं, जरा थांबायचं, मग कापायचं. मधेच, “अहो, धरा ना नीट, सरकतंय!”

मालक म्हणाले, “गिऱ्हाइकं घाबरतात. बंद करा, नाहीतर घरी बसा.”

घाबरतात म्हणे! पण काम गेलं तर जगायचं कशाला, असं वाटणारी बाई ती. तिने तोंडाला कुलूप लावलं. झालं, सगळे खूश. आमचे हे तर म्हणाले, “वहिनी सुधारली हो!” सुधारली कसली, डोंबल! ताटातलं अन्न तसंच राहायचं, पहाटेपर्यंत डोळा लागायचा नाही. आणि एक दिवस कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. असं त्यांच्या हातून आजवर कधी झालं नव्हतं. मालकांनी सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडून डोकं ठिकाणावर असल्याची चिठ्ठी आणायला फर्मावलं.

जाऊबाईंना घेऊन मीच गेले. डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, “ते गेलेत, हे मनाला ठाऊक आहे ना?”

“न ठाऊक असायला काय झालं?”

“मग त्यांचं उत्तर ऐकू येतं?”

“जिवंतपणी तरी कुठे देत होते! नुसतं हं.”

मला हसू आवरेना. मग डॉक्टरीणबाईंनी झोप, जेवण, काम, सगळं खोदून खोदून विचारलं.

“चारचौघांपेक्षा वेगळं वागणं म्हणजे लगेच आजार नव्हे,” त्या म्हणाल्या. “स्वतःला त्रास होतोय का, कुणाला धोका आहे का, खरं-खोटं कळतंय का, रोजचं आयुष्य निभतंय का, हे आम्ही बघतो. तुम्ही बोलत होतात तेव्हा सगळं निभत होतं. गप्प बसलात आणि बिघडलं. मला काळजी या गप्प बसण्याची वाटते. बोला, आणि माझ्याकडे येत राहा.”

दुसऱ्या दिवशी जाऊबाई ताठ मानेने मालकांसमोर उभ्या राहिल्या. “मी बोलूनच बेतणार. चालत असेल तर सांगा, नाहीतर ही निघाले.” काय ती हिंमत! मला तर मिठी मारावीशी वाटली. मालकांनी डाव्या बाह्यांच्या कोटाकडे पाहिलं आणि मुकाट्याने टेबल दाखवलं.

जाऊबाईंनी कापड पसरलं, माप सांगितलं, थांबल्या. आणि त्यांना रडू फुटलं. हमसून हमसून. भावोजींना नेलं तेव्हासुद्धा ही बाई रडली नव्हती, आणि त्याला आम्ही सगळे धीर म्हणत होतो.

सगळी मशीनं थांबली. मालक घाबरून म्हणाले, “आता हे काय नवीन?”

“नवरा गेलाय त्यांचा,” मी म्हटलं. “रडू द्या.”