पवार, तू सांग बाबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला तरी कसं सांगू —

दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातून शिष्यवृत्तीवर मी लंडनला एम.ए.ला आलो. घरातला पहिलाच पदवीधर. विषय होता, सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये शंका घेणाऱ्यांना ख्रिस्ती धर्मगुरूंनी काय उत्तरं दिली. श्रद्धेच्या बचावाची पानंच्या पानं मी दिवसभर वाचायचो.

लंडनच्या हॅरो भागात एका मराठी डॉक्टरांकडे खोली मिळाली. काका-काकू देवमाणसं; त्यांचे उपकार मी विसरणार नाही. माझं आडनाव पवार, म्हणून धर्म कुणी विचारला नाही. मीही सांगितला नाही. खोटं थोडंच बोलतोय, असं मनाला समजावत होतो. पण आरतीला टाळ्या वाजवायचो आणि रविवारी ‘लायब्ररीत जातो’ सांगून चर्चला जायचो. ते काय होतं मग?

त्या चर्चमध्ये शालिनीताई साळवे यायच्या. काकांच्याच हॉस्पिटलात नर्स, आमच्याच नगर भागातल्या. दिसल्या की आम्हा गावाकडच्या ख्रिस्ती लोकांच्या रीतीने हात पुढे करून म्हणायच्या, “सलाम, भाऊ!”

दिवाळीच्या जेवणाला काकांनी त्यांना बोलावलं. मला पाहून त्यांचा हात पुढे आला — मी नजर वळवली. त्यांनी हात मागे घेतला. समजल्या.

जेवताना काकांचे एक डॉक्टर मित्र रंगात आले. “काय सिस्टर, तुमचे पणजोबा बाटले ते बायबल वाचून, की दुष्काळात मिशनच्या गव्हासाठी?”

सगळे हसले. ताईही हसल्या. “गहू खाल्ला खरा, डॉक्टर. पण तो संपून शंभर वर्षं झाली. आम्ही अजून चर्चला जातोच की.”

“पवार, तू सांग बाबा. तुझा तर अभ्यास आहे,” मित्र माझ्याकडे वळले.

काय गेलं असतं माझं? खोली? काकूंच्या हातचं जेवण? काकांनी घराबाहेर काढलं नसतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मी म्हणालो, “अशा धर्मांतरात श्रद्धा कमीच असते. पोटाचाच प्रश्न असतो.”

माझे पणजोबाही दुष्काळातच ख्रिस्ती झाले होते. त्यापायी गावाने त्यांचं पाणी तोडलं, तरी ते मागे फिरले नाहीत. आणि मी — अभ्यासू आवाज काढून —

“घ्या!” मित्र म्हणाले.

ताईंनी एक शब्द उच्चारला असता तर मी उघडा पडलो असतो. त्यांनी पानातलं संपवलं, काकूंना भांडी आवरायला मदत केली, कोट घातला. बाहेर अंधार होता, बसस्टॉप लांब होता. सोबत करायला कुणीच उठलं नाही. मी दारापर्यंत गेलो, आणि त्या पायरी उतरल्यावर दार लावून घेतलं.